आत ओढलेला होकार

लग्नाच्या दिवशी पाद्र्यानं माझ्या नवऱ्याला दोनदा विचारलं, ही तुला बायको म्हणून पसंत आहे का. पाद्री नवा होता, दक्षिणेकडून आलेला. सीव्हर्टनं पहिल्याच वेळी उत्तर दिलं होतं, पण ते त्याच्या लक्षातच आलं नाही. आमच्या टाल्सेलेत, इथे स्वीडनच्या उत्तरेला, माणसं 'हो' म्हणत नाहीत, 'हो' आत ओढतात. ओठांचा चंबू करायचा, भुवया जराशा वर घ्यायच्या आणि तोंडानं थोडी हवा आत. शूप. बशीतली गरम कॉफी भुरकताना होतो त्याच्या निम्मा आवाज. पाद्री बिचारा पुस्तक हातात धरून वाट बघत उभा. शेवटी मागच्या बाकावरून माझी सासूच म्हणाली, "अहो, झालं की. केव्हाच हो म्हणालाय तो."

तेव्हापासून आजपर्यंत मी संसार केला तो या शूपवर. सीव्हर्टला दुसरं काही बोलता येत नव्हतं असं नाही, पण बोलायची वेळ आली की त्याच्या कपाळावर आठ्या पडायच्या. त्यामुळे हळूहळू मीच शहाणी झाले. 'कुठे', 'का', 'कसं' असले प्रश्न आमच्या घरातून बादच झाले. लाकडं कुठे ठेवलीस असं विचारायचं नाही; लाकडं पडवीत ठेवलीस ना, असं विचारायचं. मग तो शूप करायचा आणि काम पुढे सरकायचं. तेही तीनातल्या एका प्रश्नाला. उरलेल्या दोनांना तो खिडकीबाहेर बघायचा.

एक प्रश्न मात्र तो रोज स्वतःहून विचारायचा. मी वृद्धाश्रमात कामाला आहे. म्हाताऱ्यांना उठवणं, बसवणं, अंघोळी घालणं, त्यांच्या सगळ्या तक्रारी ऐकून घेणं. घरी आले की बूट काढायलासुद्धा वाकवत नाही. मी दारात बूट उपसत असताना तो स्वयंपाकघरातून विचारायचा, "थकलीस?" मी म्हणायचे, "छे." इतक्या वर्षांत मी दुसरं उत्तर दिलं नाही. थकले म्हटलं तर तो काय करणार होता, आणि न थकून मी तरी काय करणार होते?

त्याचा उजवा कान लहानपणीच गेला होता. गालगुंड झालं, ताप चढला, आणि उतरताना कान घेऊन गेला. म्हणून माझी जागा कायम त्याच्या डावीकडे. चर्चमध्ये डावीकडे, पलंगावर डावीकडे, लोकांकडे जेवायला गेलो तरी मी आधी धावत जाऊन डावीकडची खुर्ची पकडायची. फक्त मोटारीत पंचाईत व्हायची. आमच्याकडे चालवणारा डाव्या सीटवर बसतो, म्हणजे तो चालवत असला की मी त्याच्या बहिऱ्या बाजूला. तेव्हा आमच्या घरची मोटार मीच चालवायची आणि तो शेजारी बसायचा. सबंध जिल्ह्याचे रस्ते साफ करणारा माणूस बायकोच्या शेजारी मांडीवर टोपी घेऊन बसतो, यावरून गावानं त्याला पुष्कळ छळलं. त्यानं कधी कारण सांगितलं नाही. मीही नाही.

होय, तो बर्फ काढायच्या गाडीवर होता. मोठी केशरी गाडी, पुढे लोखंडी पातं. पहाटे उठून तो निघायचा आणि गावाला जाग येईपर्यंत रस्ता मोकळा असायचा. सीव्हर्ट म्हणायचा, हे काम डोळ्यांचं नाहीच. वादळात पुढचं काही दिसत नाही. पातं काय म्हणतं ते ऐकायचं. मऊ बर्फावर ते वेगळं बोलतं, दगडासारख्या बर्फावर वेगळं, आणि खाली डांबराला टेकलं की किंचाळतं. पातं किंचाळायच्या आधी ते उचलायचं. एवढं बोलायला त्याला आमच्या लग्नानंतर दहा-बारा वर्षं लागली.

त्याचा डावा कान शिट्टी वाजवायला लागला तेव्हा आम्हाला वाटलं मळ असेल. मग फोनवर तो आमच्या मुलीला, ओसाला, दोन-दोनदा बोलायला लावायचा. मग एकदा कोरड्या लाकडी जमिनीवर, पाय न घसरता, सरळ उभा असलेला माणूस भिंतीवर जाऊन आदळला. मी त्याला धरून डॉक्टरकडे नेलं. तिथून उमेओच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, तिथे एका नळीत घालून डोक्याचे फोटो काढले, आणि डाव्या कानाच्या नसेवर, आत मेंदूच्या कडेला, घेवड्याच्या दाण्याएवढी गाठ निघाली. कॅन्सर नाही, असं त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. सावकाश वाढते, कधी थांबतेही. एक वर्ष वाट पाहू म्हणाले. आम्ही पाहिली. वर्षानं दाणा चांगलाच फुगला होता.

आता उजवा कान असता तर एवढं काही नव्हतं. लोकांना अशी गाठ होते, एक कान जातो, दुसऱ्यावर निभतं. सीव्हर्टकडे तेवढा एकच होता आणि गाठीनं बरोबर तोच निवडला. कवटी उघडून काढायला गेलं तर कान जाणार हे जवळजवळ नक्की. नुसतं बसून राहिलं तरी जाणार, आणि वर गाठ मेंदूला रेटणार. तेव्हा तिसरा उपाय म्हणून स्टॉकहोमला जायचं ठरलं. तिथे किरणांची सुरी आहे.

आमच्या भाषेत त्या यंत्राला सुरीच म्हणतात. ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्यानं आमच्या गावातली माणसं पाहिलेली नसावीत. टाल्सेलेतला प्रत्येक पुरुष पट्ट्याला सुरी लावून हिंडतो. तीच मासा सोलायला, तीच लोणी फासायला. सुरी म्हटलं की त्यांना एकच दिसतं. दुकानात, पेट्रोल पंपावर, जो तो विचारायचा, कुठून कापणार, कानामागून की मानेतून? कापत नाहीत म्हटलं तर माना हलवायचे आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायचे, की हिला खरं सांगितलेलं दिसत नाही.

स्टॉकहोमची डॉक्टर मालिन तरुण होती आणि तिला बोलायचा कंटाळा नव्हता. ती खुर्ची ओढून सीव्हर्टच्या डाव्या बाजूला बसली, तिथेच मला ती आवडली. तिनं सांगितलं, यंत्रात सगळ्या बाजूंनी दोनशेच्या आसपास बारीक किरण येतात. एकेकटा किरण अगदी दुबळा, डोक्यातून जाताना वाटेतल्या कशालाही फारसा धक्का लावत नाही. पण ते सगळे एकाच ठिकाणी भेटतात, आणि ते ठिकाण म्हणजे तुझी गाठ. टाका नाही, रक्त नाही. गाठ नाहीशी होणार नाही, पण बहुतेक करून वाढायची थांबेल.

"आणि कान?" मी विचारलं.

"राहील कदाचित. कदाचित हळूहळू जाईल, काही महिन्यांनी, काही वर्षांनी. नस गाठीला चिकटलेलीच आहे. मी खोटं आश्वासन देणार नाही."

सीव्हर्टनं विचारलं, "पातं ऐकू येईल?"

मालिन गोंधळली. तिला वाटलं तो यंत्राबद्दल विचारतोय. म्हणाली, यात पातंबितं नसतं, नुसते किरण. मी तिला समजावलं. ती म्हणाली, मला ठाऊक नाही. मग सीव्हर्टनं माझ्याकडे पाहिलं. लग्नाच्या दिवशी त्यानं असं पाहिलं नव्हतं. काय करू, असं ते बघणं होतं. मी दमले होते. आदल्या दिवशीची बस, रात्रभराची गाडी, त्या हॉस्पिटलचे न संपणारे बोळ. मला एवढंच कळत होतं की दुसऱ्या दोन्ही वाटांनी कान नक्की जातो आणि या वाटेनं कदाचित राहतो. मी हवा आत ओढली. शूप. त्यानं मान डोलावली आणि मालिननं पुढचं सांगायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या डोक्याला धातूची चौकट बसवली. कपाळाला आणि मागे सुया देऊन जागा बधिर केली आणि चार स्क्रू पिळले, म्हणजे डोकं केसभरही हलू नये. मला वाटलं होतं मी बघू शकेन. मी बोळात जाऊन उभी राहिले. आत बोलावलं तेव्हा तो चौकटीतून माझ्याकडे बघत होता. पेर्निला नावाची परिचारिका त्याच्या कमरेच्या पट्ट्याकडे बोट दाखवत होती. सुरी तशीच पट्ट्याला होती. काढायची राहून गेली होती. फोटोच्या नळीत लोखंड चालत नाही. तिनं ती काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, आज इथे सुरी फक्त आमची. त्यावर सीव्हर्ट म्हणाला, "तुमचीला तर पातंच नाही." त्या सबंध प्रवासातला त्याचा हा एकच विनोद. पेर्निला इतकी हसली की मला तिचा राग आला, आणि मग मीही हसले.

फोटो झाले, मालिननं आणि तिच्या माणसांनी पडद्यावर बसून किरणांचे हिशेब केले, आणि दुपारी त्याला यंत्राच्या फळीवर निजवलं. चौकट यंत्रात अडकवली. सगळी माणसं बाहेर आली आणि जाडजूड दार लागलं. आत तो एकटा. बाहेर पेर्निला पडद्यासमोर. तिच्याकडे माइक, त्याच्या डाव्या बाजूला एक छोटा भोंगा. मला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. मी त्याची सुरी पिशवीत घालून बसले, आणि खरं सांगायचं तर मला डुलकी लागली.

जाग आली ती पेर्निलाच्या पावलांनी. ती जवळजवळ धावतच आली. यंत्र थांबवलं होतं, दार उघडलं होतं, दोन माणसं आत गेली होती. ती म्हणाली, त्याला त्रास होतोय, धाप लागल्यासारखा श्वास घेतोय, पण काय होतंय विचारलं तर सांगत नाही, पुन्हा तसाच श्वास घेतो.

"तू काय विचारलंस त्याला?" मी म्हटलं.

"हेच, बरं वाटतंय ना."

"मग तो काय म्हणाला?"

"काही म्हणाला नाही. हे असं केलं." आणि तिनं करून दाखवलं. उचकी लागलेल्या कोंबडीसारखं झालं ते, पण मला ओळखू आलं.

मी हसायला लागले ते मला थांबवताच येईना. पेर्निला होती स्कोनेची, देशाच्या पार तळाच्या टोकाची. तिकडे लोक 'हो' घशातून बोलतात आणि खूप वेळ बोलतात. मी तिला सांगितलं की बाई, तो हो म्हणतोय. पहिल्यांदा विचारलंस तेव्हाही हो म्हणाला, दुसऱ्यांदाही. आतल्या माणसांनी त्याला पुन्हा विचारलं असेल तर तिसऱ्यांदाही म्हणाला असेल. ती कपाळाला हात लावून खाली बसली. म्हणाली, एक यंत्र तर थांबवलंच, दुसरं थांबायचं तेवढं बाकी होतं, माझं काळीज.

मग त्यांनी नियमाबाहेर जाऊन मला पडद्यासमोर तिच्या शेजारी उभं केलं. यंत्र पुन्हा चालू झालं. दर थोड्या वेळानं पेर्निला माइकमध्ये विचारायची, सीव्हर्ट, ठीक? तिच्या टेबलावरच्या भोंग्यातून यायचं, शूप. पेर्निला माझ्याकडे बघायची, मी मान डोलवायची, ती पुढे चालू ठेवायची. एकदा तिनं माइक बंद करून विचारलं, "यातला श्वास कुठला आणि हो कुठला, हे तुला कळतं कसं?"

"चाळीस वर्षं ऐकतेय," मी म्हटलं. "मला कळतं."

फार रुबाबात म्हटलं होतं मी ते.

चौकट काढल्यावर त्याच्या कपाळावर दोन बारीक खळगे राहिले, त्यांवर चिकटपट्टी. दुसऱ्या दिवशी आम्ही परतीच्या गाडीत होतो. गावात आल्यावर लोकांनी त्याला इकडून तिकडून पाहिलं, चिकटपट्टीखाली वाकून पाहिलं, आणि त्यांची घोर निराशा झाली. एवढ्या लांब जाऊन एवढंच? आमच्या शेजाऱ्याला मांजरानं ओरबाडलं होतं तेव्हा याहून जास्त दिसलं होतं.

उन्हाळा बरा गेला. तोल सुधारला. शिट्टी होती, पण तो म्हणायचा तिची सवय झाली. ऑक्टोबरात उमेओला तपासणी झाली. गाठ जिथल्या तिथे थांबली होती. ऐकणं थोडं कमी झालं होतं, थोडंच. मी त्या रात्री कित्येक महिन्यांनी सलग झोपले. वाटलं, सुटलो.

नोव्हेंबरात पहिला मोठा बर्फ पडला आणि सीव्हर्टनं गाडीची किल्ली परत दिली. गुडघे दुखतात म्हणाला. मी त्याच्या गुडघ्यांना रोज तेल चोळायचे आणि तो चोळून घ्यायचा. गाडीवर त्याच्या जागी कुणी पोरगेलासा आला होता, तो डांबर खरवडत जायचा. ते किंचाळणं मला घरात ऐकू यायचं आणि मी सीव्हर्टकडे बघायचे. त्याच्या चेहऱ्यावर काही हलायचं नाही. मला वाटायचं, किती सोसतो हा माणूस.

आणि त्याच हिवाळ्यात एक नवल घडलं. सीव्हर्ट बोलका झाला. म्हणजे त्याच्या मानानं. पूर्वी तीनातल्या एका प्रश्नाला उत्तर मिळायचं, आता प्रत्येकाला. मी स्वयंपाक करताना वृद्धाश्रमातल्या गोष्टी सांगायचे, अमकीनं दात लपवून ठेवले, तमका पुन्हा घरी जायचं म्हणून दारात टोपी घालून बसला. मी थांबले की मागून शूप. पुढचं सांगितलं की पुन्हा शूप. आधी कधी तो इतकं ऐकून घ्यायचा नाही. मी फोनवर ओसाला सांगितलंसुद्धा, त्या सुरीनं तुझ्या बापाची जीभ मोकळी केली बघ. दारातला त्याचा प्रश्नही चालूच होता. थकलीस? छे. इतकंच की आता तो स्वयंपाकघरातून विचारत नसे, दारापर्यंत येऊन, माझ्या समोर उभा राहून विचारत असे. मला ते प्रेम वाटलं.

फेब्रुवारीत एका रविवारी मी पाल्ट करत होते. बटाटे किसून, पीठ घालून, आत खारं मांस भरून गोळे वळायचे आणि उकळत्या पाण्यात सोडायचे, आणि खाताना वर भरपूर लोणी. वृद्धाश्रमात दोघीजणी आजारी होत्या आणि तो सबंध आठवडा मी तिघींचं काम ओढलं होतं. हात पिठानं बरबटलेले, पाणी उतू जायला आलेलं, आणि लोणी जागेवर नाही. माझ्या अंगात इतकंही त्राण नव्हतं की प्रश्न त्याच्या सोयीनं फिरवून विचारावा. पाठ न वळवता मी म्हटलं, "लोणी कुठे ठेवलंस?"

मागून आलं, शूप.

मी हातातला गोळा खाली ठेवला. वाटलं, माझंच ऐकण्यात चुकलं असेल. मी पुन्हा तशीच, चुलीकडे तोंड करून म्हटलं, "सीव्हर्ट, मी उद्या स्टॉकहोमला जाते आणि आपलं लग्न लावलेल्या त्या पाद्र्याशी लग्न करते."

शूप.

"तुला माझा वीट आलाय ना?"

शूप. अगदी प्रेमानं.

पाणी उतू गेलं आणि मी ते जाऊ दिलं. माझ्या पाठीमागे माझा नवरा टेबलाशी बसून प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होता, आणि त्यातलं अक्षरही त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हतं. सगळा हिवाळा मी भिंतीशी बोलत होते. दात लपवणारी, टोपी घालून बसणारा, सगळे या खोलीत हवेत विरून गेले होते. मला रडू आलं नाही. मला संताप आला, आणि त्या संतापालाही दम नव्हता.

मी हात पुसले आणि टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर बसले. सवयीनं डावीकडे जाणार होते. त्याला आता काही अर्थ नव्हता. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याला कळलं.

"कधीपासून?" मी ओठ मोठे करून विचारलं.

तो टेबलाकडे बघत म्हणाला, "पहिल्या बर्फापासून." स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नसल्यानं तो नको इतका हळू बोलला. "गाडी चालू केली. पातं गप्पच."

"मग गुडघे?"

"गुडघे ठीक आहेत."

मी त्याला काय काय म्हणाले ते आता आठवत नाही. ते त्याला कळलंही नसेल, कारण मी भराभर बोलत होते. तो थांबला, माझं संपेपर्यंत. मग मी बोटानं पाठीकडे, चुलीकडे खूण केली. मी तिकडे तोंड करून उभी असताना तुला कसं कळायचं, मी बोलतेय?

"तू बोलायला लागलीस की तुझा हात थांबतो," तो म्हणाला. "डाव. पीठ. जे काही असेल ते. बोलणं संपलं की पुन्हा हलतो. मग मी हो म्हणायचो."

चाळीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही माहीत नव्हतं. मग मी विचारलं, एकेक शब्द सुटा करून, का नाही सांगितलंस.

"एप्रिलमध्ये तपासणीत कळणारच होतं. तोवर तुझा एक हिवाळा तरी बरा जाईल म्हटलं. ऑक्टोबरात तू झोपलीस ना, नीट, ते पाहिलं मी."

"तिथे हो मीच म्हटलं होतं," मी म्हणाले. "मालिनसमोर."

हे त्यानं ओठांवरून बरोबर वाचलं. "गाठ थांबली ना," तो म्हणाला. "सुरीनं तिचं काम केलं." आणि मग, मी दारातून आत येताना तो विचारतो तसं, पण या वेळी मी घरातच, समोर बसलेली असताना, त्यानं विचारलं, "गुनव्होर, थकलीस?"

माझं 'छे' तोंडात तयार होतं. ते ऐकायला समोर कुणी नव्हतं. त्याचे डोळे माझ्या तोंडावर होते, आणि मला दिसलं की हा सगळा हिवाळा दारात येऊन तो हेच बघत होता, माझं खोटं कसं दिसतं ते.

मी ओठांचा चंबू केला, भुवया आपोआप वर गेल्या, आणि हवा आत ओढली. आवाज झाला की नाही मला ठाऊक नाही. बहुतेक झाला नसावा.

सीव्हर्टनं मान डोलावली. तो उठला, चुलीवरचं सांडलेलं पाणी पुसलं, उरलेले गोळे एकेक करून पातेल्यात सोडले आणि पडवीतून लोणी घेऊन आला.